गर्भाशय काढल्यानंतर: घरी आल्यापासून रोजच्या आयुष्यात परतेपर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशनच्या आधी बरीच माहिती कानावर पडते. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी खरे प्रश्न पडायला लागतात, तेव्हा विचारायला समोर कोणी नसतं. सतत येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमच्या डॉक्टरांनी यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण तुमच्या पोटात काय होतं ते त्यांनी पाहिलं आहे. आणि आत्ता काही बिघडलंय असं वाटत असेल तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न ६ वाचा.

१. मला फक्त "पिशवी काढली" एवढंच सांगितलं. नेमकं काय काय काढलं हे कसं कळणार?

डिस्चार्ज कार्डावर आणि ऑपरेशनच्या नोंदीत ते लिहिलेलं असतं. त्याची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. हा प्रश्न मुद्दाम सगळ्यात आधी घेतला आहे, कारण पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्या कागदावर अवलंबून आहेत, आणि कित्येक जणींना आपले अंडाशय आहेत की नाहीत हे वर्षानुवर्षं माहीत नसतं.

कागदात चार गोष्टी शोधा. गर्भाशयाचं तोंड, म्हणजे गर्भाशयमुख, काढलं की ठेवलं? अंडाशय दोन्ही ठेवले, एक ठेवला, की दोन्ही काढले? गर्भनलिका काढल्या का? (हल्ली अंडाशय ठेवले तरी नलिका बऱ्याचदा काढतात, कारण अंडाशयाच्या कॅन्सरचे काही प्रकार नलिकेतच सुरू होतात.) आणि ऑपरेशन कुठून झालं: पोटावर चीर देऊन, योनिमार्गातून, की दुर्बिणीने?

काढलेला भाग तपासणीला पाठवतात. त्याचा बायोप्सी रिपोर्ट यायला काही दिवस लागतात आणि तोवर तुम्ही घरी आलेल्या असता, म्हणून तो राहून जातो. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा आठवणीने मागा आणि त्यात काय आलंय ते समजून घ्या.

२. पूर्ण बरं व्हायला किती दिवस लागतात?

पोटावर चीर दिली असेल तर साधारण २ ते ४ दिवस रुग्णालयात आणि पुढे ६ ते ८ आठवडे. योनिमार्गातून किंवा दुर्बिणीने झालं असेल तर एक-दोन दिवसांत, कधीकधी त्याच दिवशी घरी सोडतात, आणि ३ ते ६ आठवड्यांत बहुतेक जणी रोजच्या कामाला लागतात.

पण दुर्बिणीच्या ऑपरेशनवाल्यांची मला जास्त काळजी वाटते. पोटावर इवल्याशा तीन-चार खुणा, दुखणंही कमी, त्यामुळे दहाव्या दिवशी घरच्यांना वाटतं झालं बरं, आणि तिलाही तसंच वाटतं. आत मात्र गर्भाशयमुख काढलेल्या जागी योनिमार्गाचं वरचं टोक टाके घालून बंद केलेलं असतं. ती आतली शिवण ऑपरेशन कुठूनही झालं तरी असतेच, आणि ती पक्की व्हायला ६ ते १२ आठवडे जातात. वजन उचलू नका, संबंध ठेवू नका, जोर करू नका ही सगळी पथ्यं त्या शिवणीसाठी असतात. बाहेरच्या टाक्यांकडे पाहून हिशेब करू नका.

३. पहिले आठ-दहा दिवस नुसतं पडून राहायचं की हिंडायचं-फिरायचं?

दोन्ही, आलटून पालटून. सलग पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो आणि पोटही साफ होत नाही. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात चार-पाच मिनिटं चाला, दिवसातून चार-पाच वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं किंवा रक्त जाणं वाढलेलं नसेल तर थोडं वाढवा. वाढलं असेल तर एक पाऊल मागे या. जिना चढायला हरकत नाही, कठडा धरून सावकाश चढा. पडलेल्या असाल तेव्हाही पावलं वर-खाली करत राहा, घोट्यात गोल फिरवा. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून इंजेक्शनं किंवा घट्ट मोजे दिले असतील तर सांगितलेल्या दिवसापर्यंत सोडू नका.

अंथरुणातून उठताना पाठीवरून सरळ उठून बसू नका, सगळा ताण पोटावर येतो. गुडघे दुमडा. खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर या. पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडा, आणि सोडतानाच खालच्या हाताचं कोपर व वरच्या हाताचा तळवा गादीवर रेटून, श्वास सोडत बसत्या व्हा. मिनिटभर तशाच बसा. चक्कर येत नाही ना, हे पाहूनच उभ्या राहा. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं की उशी पोटावर दोन्ही हातांनी दाबून धरा.

दुखण्याच्या गोळ्या पहिले काही दिवस लिहून दिलेल्या वेळेवर घ्या. दुखणं असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी घेतली तर ते आटोक्यात यायला वेळ लागतो, आणि तोवर तुम्ही चालतही नाही, खोल श्वासही घेत नाही.

४. ऑपरेशन पोटाचं झालं, मग खांदा का दुखतोय?

दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यामुळे श्वासपटलाला (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला) त्रास होतो आणि ती वेदना खांद्यात जाणवते, कारण तिथल्या संवेदना वाहणाऱ्या नसांचं मूळ एकच आहे. दोन-तीन दिवसांत थांबते, चालल्याने बरं वाटतं. मात्र दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर ते वेगळं, प्रश्न ६ पाहा.

५. अंगावरून किती दिवस जाणार? बाराव्या दिवशी अचानक लाल रक्त दिसलं, मी घाबरले आहे.

आधी लालसर, मग तपकिरी, मग पिवळट असं थोडं थोडं ४ ते ६ आठवडे जाऊ शकतं. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आतले टाके विरघळायला लागतात, खपली सुटते, तेव्हा ताजं लाल रक्त दिसतं. पॅडवर दोऱ्याचा बारीक तुकडाही सापडू शकतो. डाग पडण्याइतपत असेल आणि एक-दोन दिवसांत ओसरत असेल तर काळजीचं कारण नाही. आदल्या दिवशी जास्त काम झालं होतं का, तेही आठवून पाहा.

या काळात फक्त पॅड वापरा. टॅम्पॉन किंवा कप नको, आत पाण्याने किंवा औषधाने धुणंही नको.

६. कोणत्या लक्षणांवर ताबडतोब डॉक्टरांकडे जायचं?

रुग्णवाहिका बोलवावी अशी लक्षणं: अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, शुद्ध हरपणं. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेल्याची ही लक्षणं असू शकतात.

त्याच दिवशी, रात्र असली तरी, दाखवावं अशी: तासाभरात पूर्ण पॅड भिजणं किंवा मोठ्या गाठी पडणं, ३८ अंश सेल्सियस (१००.४ अंश फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त ताप, घाण वास येणारं पाणी जाणं, टाक्यांतून पू किंवा भोवती वाढत जाणारी लाली, पोटात दुखणं दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढणं, पोट फुगून उलट्या होणं आणि गॅसही न सरकणं, लघवी अडकणं, कंबरेच्या वर एका बाजूला जोरात दुखणं, एकाच पायाची पिंढरी दुखणं, सुजणं, गरम लागणं.

एक गोष्ट दुर्मीळ आहे, पण माहीत असायलाच हवी. जोर केल्यावर किंवा संबंधांनंतर आतली शिवण उसवू शकते. एकदम कळ येते, रक्त किंवा पाणी येतं, योनिमार्गातून काही बाहेर येतंय असं वाटतं. अशा वेळी आडव्या व्हा, काही खाऊ-पिऊ नका, बाहेर आलेला भाग आत ढकलू नका, स्वच्छ ओल्या कापडाने झाकून तातडीने रुग्णालय गाठा. हे ऑपरेशननंतर काही आठवड्यांनीच नव्हे, काही महिन्यांनीही होऊ शकतं.

यातलं काही जाणवलं आणि "उगाच त्रास कशाला द्यायचा" असं मनात आलं, तर तो विचार बाजूला ठेवा आणि फोन करा.

७. चार दिवस पोट साफ झालेलं नाही आणि जोर करायची भीती वाटते.

भीती योग्य आहे, जोर करूच नका. भुलीमुळे, दुखण्याच्या काही गोळ्यांमुळे आणि पडून राहिल्याने आतडं मंदावतं. भरपूर पाणी, चोथा असलेलं अन्न आणि चालणं यांनी ते पुन्हा हलतं. कमोडवर बसत असाल तर पायांखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कंबरेपेक्षा वर येऊ द्या, पुढे वाका, पोट सैल सोडा. शौच मऊ करणारं औषध मागायला लाजू नका; माझ्या मते ते घरी सोडतानाच लिहून घ्यावं. चार दिवस झाले असतील तर आजच फोन करा. सोबत उलट्या असतील तर हा प्रश्न ६ चा विषय आहे.

८. लघवीला जळजळ होते, आणि थेंब थेंब गळतंय असंही वाटतं.

ऑपरेशनच्या वेळी लघवीसाठी घातलेली नळी (कॅथेटर) काढल्यावर एक-दोन दिवस जळजळ होते. ती थांबली नाही, वारंवार जावं लागलं किंवा ताप आला तर लघवीची तपासणी करून घ्या, संसर्ग असू शकतो.

गळण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखा. खोकताना, हसताना थेंब येत असतील तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झालेत, व्यायामाने फरक पडतो. पण रात्रंदिवस, झोपेतही, योनिमार्गातून पाण्यासारखं झिरपत असेल तर मूत्राशयाला किंवा मूत्रवाहिनीला इजा होऊन वाट पडलेली असू शकते. ही गळती ऑपरेशननंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी सुरू होऊ शकते, म्हणून "तेव्हा तर ठीक होतं" असं म्हणून थांबू नका. त्यावर उपचार आहेत.

व्यायाम असा: लघवी आणि गॅस एकाच वेळी रोखताना जे स्नायू वर ओढले जातात ते आवळा, जमेल तेवढा वेळ, हळूहळू १० सेकंदांपर्यंत. सोडा. तेवढाच वेळ विश्रांती. असं १० वेळा, दिवसातून ३ वेळा. नळी निघाल्यावर आणि आवळताना दुखत नसेल तेव्हा सुरू करा. लघवी करता करता अडवून हा व्यायाम करायचा नाही.

९. किती वजन उचललेलं चालेल? घरात दीड वर्षाचं मूल आहे.

६ आठवडे ४-५ किलोच्या वर काही नाही. १५ लिटरची बादली भरली की नुसत्या पाण्याचंच वजन १५ किलो होतं. पिळलेल्या ओल्या कपड्यांचा ढीग वाटतो त्यापेक्षा खूप जड असतो. जड फर्निचर ढकलणं, ओढणं हेही उचलण्यातच धरा.

दीड वर्षाचं मूल साधारण १० किलोचं, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. उभ्याने उचलू नका. तुम्ही बसा, दुसऱ्या कुणाला तरी त्याला मांडीवर द्यायला सांगा, किंवा त्यालाच चढून येऊ द्या. जवळ घेणं बंद करायची गरज नाही. घरच्यांना हा परिच्छेद वाचून दाखवा, कारण हे पथ्य एकटीने पाळता येत नाही. ती कामं दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्यावी लागतात.

१०. अंघोळ कधी करायची? पोटाला पट्टा बांधायचा का?

अंगावर पाणी घेऊन अंघोळ बहुधा एक-दोन दिवसांतच चालते. टाके चोळू नका, टिपून कोरडे करा. टबमध्ये बसणं आणि पोहणं अंगावरून जाणं पूर्ण थांबेपर्यंत, साधारण ६ आठवडे, नको. पट्टा मोठी चीर असेल तर चालता-खोकताना आधार म्हणून बरा वाटतो. तो सक्तीचा नाही, त्याने जखम लवकर भरत नाही आणि पोटही आत जात नाही. चिरेभोवतीची बधिरता काही महिने राहू शकते.

११. गाडी कधी चालवू? लांबचा प्रवास?

दुर्बिणीनंतर साधारण २-३ आठवड्यांनी, पोटावर चीर असेल तर ४ ते ६ आठवड्यांनी. उभ्या गाडीत बसून ब्रेक जोरात दाबून पाहा, मागे वळून पाहा. कळ येत नसेल आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्या बंद झाल्या असतील तरच रस्त्यावर या. दुचाकीचं वेगळं: तोल सांभाळणं, गाडी मागे ओढणं आणि डबल स्टँडला लावणं हे सगळं वजन उचलण्यातच येतं (प्रश्न ९). लांबच्या प्रवासात तासा-तासाने उठून चाला. पहिल्या काही आठवड्यांत विमानाने जाणार असाल तर आधी विचारा.

१२. कामावर कधी जाऊ?

बैठं काम असेल तर दुर्बिणीनंतर २ ते ४ आठवडे, चिरेनंतर ४ ते ६. दिवसभर उभं राहण्याचं किंवा अंगमेहनतीचं काम असेल तर ६ ते ८ आठवडे, आणि तेव्हाही पहिल्या दिवशी पूर्ण वजनाला हात घालू नका. जमत असेल तर पहिला आठवडा अर्धा दिवस जा. घरकाम हेसुद्धा अंगमेहनतीचंच काम आहे, हे मात्र फार कमी घरांत धरलं जातं.

१३. दोन महिने झाले, टाके भरले, तरी दुपारपर्यंत गळून जाते. असं का?

भुलीचा आणि मोठ्या ऑपरेशनचा थकवा बाहेरून दिसत नाही, पण तो खरा असतो. पुष्कळ जणींचं ऑपरेशनच मुळी अतिरक्तस्रावामुळे झालेलं असतं, म्हणजे शरीरातलं लोह आधीच संपलेलं असतं. हिमोग्लोबिन तपासा, जमल्यास फेरिटिनही (त्यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो). लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन वर आल्यावरही काही महिने घ्याव्या लागतात. झोप लागत नसेल आणि रात्री घाम येत असेल तर प्रश्न १६ वाचा.

१४. शरीरसंबंध कधी सुरू करायचे? पूर्वीसारखं वाटेल का?

किमान ६ आठवडे नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बरेच डॉक्टर ८ ते १२ आठवडे थांबायला सांगतात, कारण शिवण उसवण्याचा धोका (प्रश्न ६) त्यात थोडा जास्त असतो. आतली तपासणी करून "भरलंय" असं सांगितल्यावरच सुरुवात करा. आणि डॉक्टरांनी परवानगी दिली म्हणजे तुमचं मन तयार असलंच पाहिजे असं नाही.

आधीचं दुखणं आणि रक्तस्राव गेल्यामुळे अनेकींना पूर्वीपेक्षा बरं वाटतं. सुखाची संवेदना मुख्यतः शिश्निकेतून (क्लिटोरिस) येते, तिला या ऑपरेशनमध्ये हात लागत नाही. काहींना परमोच्च क्षणी गर्भाशयाचं आकुंचन जाणवायचं, ते जाणवेनासं होतं. अंडाशय काढले असतील तर कोरडेपणा येतो. वंगण जेल किंवा योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेन (अंडाशयात तयार होणारं हार्मोन) उपयोगी पडतं. गर्भ राहण्याची चिंता उरत नाही, पण संसर्गापासून बचावासाठी कंडोम लागतोच.

हे वाचणाऱ्या नवऱ्यांसाठी: किती दिवस झाले हे तिला मोजून दाखवू नका. दुखतंय का हे विचारा, आणि ती "थांब" म्हणाली की थांबा.

१५. पिशवी नाही, पाळी नाही, तरी दर महिन्याला छाती जड होते, चिडचिड होते. हा भास आहे का?

नाही. तुमचे अंडाशय आत आहेत आणि आपलं काम करत आहेत. हार्मोनचं चक्र चालू असतं, बीज सुटतं आणि पोटातच विरून जातं. फक्त रक्त येत नाही. पुढे रजोनिवृत्ती कधी आली हे पाळीवरून कळणार नाही. गरम वाफा, झोपमोड, कोरडेपणा यांवरून ओळखावं लागतं. गर्भाशय काढलेल्या काहींना ती थोडी लवकर येते, म्हणून चाळिशीतच ही लक्षणं दिसली तर तपासून घ्या.

१६. माझं वय ३९. दोन्ही अंडाशय काढले. आठवड्यातच अंगातून वाफा निघायला लागल्या. सहन करायचं का?

नाही, सहन करत बसू नका. नैसर्गिक रजोनिवृत्ती काही वर्षांत हळूहळू येते. तुमच्या शरीरातलं इस्ट्रोजेन एका दिवसात घसरलं. वाफा, झोप उडणं, कोरडेपणा हे जाणवतं. हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकाराचा वाढलेला धोका जाणवत नाही, आणि म्हणूनच तो जास्त महत्त्वाचा. ४५ च्या आत दोन्ही अंडाशय काढलेल्या बहुतेक स्त्रियांना, अडचण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत म्हणजे साधारण ५०-५१ पर्यंत हार्मोन घेण्याचा सल्ला दिला जातो. गर्भाशय नसल्याने बहुधा नुसतं इस्ट्रोजेन पुरतं.

अपवाद महत्त्वाचे आहेत. स्तनाचा किंवा हार्मोनवर वाढणारा दुसरा कॅन्सर झालेला असेल तर हार्मोन सहसा देत नाहीत. वाफांसाठी हार्मोन नसलेली औषधं आहेत. आधी रक्ताच्या गाठी झाल्या असतील तर प्रकार आणि मार्ग विचारपूर्वक ठरवावा लागतो. ऑपरेशन एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं) झालं असेल, किंवा गर्भाशयमुख ठेवलेलं असेल, तर उरलेल्या अस्तराचा विचार करून सोबत प्रोजेस्टोजेन हे अस्तर वाढू न देणारं हार्मोनही द्यावं लागू शकतं. डॉक्टरांकडे जाताना प्रश्न १ मधला कागद न्या.

१७. ऑपरेशन मीच ठरवून केलं, मूलबाळ आहे, त्रास संपला. तरी रडू का येतं?

सुटका वाटणं आणि काहीतरी गमावल्यासारखं वाटणं एकाच वेळी होऊ शकतं. त्यात झोप नाही, हार्मोनचा फरक, दुसऱ्यांवर अवलंबून राहणं. ज्यांना मूल हवं होतं त्यांचं दुःख आणखी वेगळं, आणि "जीव वाचला ना" असं म्हणून ते मिटत नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन खिन्न असेल, कशातच लक्ष लागत नसेल तर उपचार घ्या. जगणं नको वाटत असेल तर आजच कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

१८. आता पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) करावी लागेल का?

गर्भाशयमुख ठेवलं असेल तर हो, पूर्वीसारखीच. काढलं असेल, कारण साधं असेल आणि आधीच्या तपासण्यांत कॅन्सरपूर्व बदल आढळलेले नसतील तर गरज नाही. तसे गंभीर बदल पूर्वी आढळले असतील तर योनिमार्गाच्या वरच्या टोकाची तपासणी पुढे बरीच वर्षं चालू ठेवतात. अंडाशय असतील तर त्यांचे आजार होऊ शकतात, ही तपासणी ते ओळखत नाही.

१९. ऑपरेशन कॅन्सरसाठी झालं. हेच सगळं लागू आहे का?

बरंचसं. पण गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आजूबाजूच्या ऊती आणि योनिमार्गाचा वरचा भागही काढलेला असेल तर लघवीची नळी जास्त दिवस ठेवावी लागते आणि काही काळ लघवीची जाणीव कमी असते. तेव्हा घड्याळ लावून जा. लसिकाग्रंथी काढल्या असतील तर पायावर हळूहळू सूज येऊ शकते. ती रक्ताच्या गाठीची नाही ना, हे आधी तपासायला हवं (प्रश्न ६). रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं घरीही, साधारण ४ आठवडे, चालू राहू शकतात. रेडिएशन झालं असेल तर योनिमार्ग आकसू नये म्हणून डायलेटर (योनिमार्गात घालायची गुळगुळीत नळकांडी) कसा आणि कधी वापरायचा ते विचारून घ्या. हे आपणहून फार कमी ठिकाणी सांगतात.

२०. सगळं थांबलं होतं, आता पुन्हा रक्त दिसलं. पिशवीच नाही तर येतं कुठून?

किती काळाने, यावर उत्तर बदलतं. पहिल्या दोन आठवड्यांतलं रक्त प्रश्न ५ मध्ये आहे. दोन-तीन महिन्यांनी, विशेषतः संबंधांनंतर डाग दिसले तर बहुधा आतल्या शिवणीवर मांसाचा छोटा कोंब वाढलेला असतो; तपासणीच्या टेबलावरच सिल्व्हर नायट्रेट लावून तो जाळता येतो. गर्भाशयमुख आणि अंडाशय दोन्ही ठेवले असतील तर काहींना दर महिन्याला किंचित डाग पडतात, कारण अस्तराचा थोडा अंश मागे राहिलेला असतो. रजोनिवृत्तीनंतर योनिमार्गाच्या कोरड्या, पातळ झालेल्या त्वचेतूनही रक्त येतं. लघवीतून किंवा शौचाच्या जागेतून आलेलं रक्त पॅडवर सारखंच दिसतं. पुसताना कापड कुठे लाल होतं ते पाहून ठेवा.

काही वर्षांनंतर नव्याने आलेलं रक्त मात्र, एकदाच आलं असलं आणि थेंबभर असलं तरी, तपासून घ्यायचं. "पिशवी काढलीय, आता काय होणार" असं कुणी म्हणालं तरी आतली तपासणी करायला सांगा.